संगणकाचा अधूनमधून येणारा दोष : आधी नोंद, मग दुरुस्ती

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून लहान गावातील कापड दुकानदारालाही संगणकाशिवाय गत्यंतर राहिलेले नाही. बिल त्यावर, साठा त्यावर, उधारी त्यावर आणि दर महिन्याच्या ११ व २० तारखेची विवरणपत्रेही त्यावरच. यंत्र एकदाचे पूर्ण बंद पडले तर इलाज सोपा असतो. कारागीर बोलवावा, गेलेला भाग बदलावा आणि कामाला लागावे. खरा त्रास देते ते आज बिघडणारे, उद्या नीट चालणारे आणि कारागीर दारात आला की सज्जनासारखे वागणारे यंत्र. त्यातही रात्री हायबरनेशनमध्ये ठेवलेला संगणक सकाळी उठताना अडखळतो, ही तक्रार आम्ही वर्धा, हिंगणघाट, पुलगाव आणि आर्वी येथील अनेक व्यापारी बंधूंकडून ऐकली आहे. आमच्या दुकानातही हा मामला जवळजवळ एक हिवाळाभर चालला. त्याचा तपास कसा लागला आणि इतरांनी तो कसा करावा, हे या लेखात देत आहोत.

नुकसान कोठे होते?

आपल्या जिल्ह्यातील कापडाचा व्यापार कापसावर चालतो. दिवाळीनंतर कापूस बाजारात येऊ लागतो, शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळतो आणि मग लग्नसराईची खरेदी निघते. नेमक्या याच महिन्यांत सकाळी थंडी असते आणि नेमक्या याच महिन्यांत हा दोष जास्त दिसतो. खेड्यावरून पहिल्या एसटीने आलेले गिऱ्हाईक बिलासाठी ताटकळते. ई-वे बिल निघाले नाही तर ट्रान्सपोर्टवाला गाठोडे उचलत नाही. त्याहून मोठे नुकसान मात्र दुरुस्तीत होते. दोष समोर दिसत नसल्यामुळे कारागीर अंदाजाने सांगतो. एक म्हणतो हार्ड डिस्क बदला, दुसरा म्हणतो रॅम बदला, तिसरा म्हणतो, "शेठ, मदरबोर्ड गेला समजा." तिघांचेही ऐकले तर नव्या यंत्राइतका पैसा जातो आणि दोष जागच्या जागी राहू शकतो.

हायबरनेशन म्हणजे काय?

बेडूक शीतनिद्रा घेतो हे आपण शाळेत शिकलो आहोत. संगणकाचेही तसेच आहे. पण साधी झोप आणि शीतनिद्रा यांत फरक आहे. साध्या झोपेत, म्हणजे 'स्लीप'मध्ये, चालू काम रॅममध्येच राहते आणि रॅमला थोडी वीज मिळत राहते. वीज गेली की काम गेले. हायबरनेशनमध्ये रॅममधील सारा मजकूर हार्ड डिस्कवरील एका मोठ्या फाइलमध्ये उतरवला जातो आणि यंत्र बंद होते. मग मेन स्विच बंद केला तरी चालते. सकाळी बटन दाबले की तो मजकूर पुन्हा रॅममध्ये भरला जातो आणि कालचे अर्धे बिल होते तसे पडद्यावर येते.

अडचण येथेच आहे. मजकूर परत आला म्हणून प्रिंटर, स्कॅनर, कीबोर्ड, नेटवर्क कार्ड हे भाग परत आले असे नाही. त्यांची वीज मध्यंतरी गेलेली असते. त्यांना प्रत्येकाला नव्याने जागे करून आपल्या जागेवर बसवावे लागते. एखादा भाग उठायला उशीर करतो, एखाद्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारी आज्ञावली, तो उठलाच आहे असे गृहीत धरून पुढे जाते. दुकान उघडल्याबरोबर मालकाने गादीवर बसून माल मागावा आणि नोकर अजून चप्पलच काढत असावा, तसा हा प्रकार होय.

या कामासाठी मदरबोर्ड बनवणारा, विंडोज बनवणारा आणि जोडलेल्या वस्तू बनवणारा या सर्वांनी एकच कायदा पाळावा लागतो. तसा कायदा इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याला एसीपीआय म्हणतात. त्यापूर्वी १९९२ पासून एपीएम नावाची साधी पद्धत होती. कायदा आला तरी पाळणारे अनेक असल्यामुळे कोणा एकाची कसूर झाली की उठण्याच्या वेळीच ती उघडी पडते. म्हणूनच सॉफ्टवेअरवाला हार्डवेअरकडे बोट दाखवतो आणि हार्डवेअरवाला सॉफ्टवेअरकडे.

'बंद केले' म्हणजे बंद झाले काय?

पुष्कळ व्यापारी म्हणतात, "आम्ही हायबरनेशन वापरतच नाही, रोज रात्री शट डाऊन करतो." येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आणि विंडोज १० व ११ मध्येही ती आहे. ती चालू असेल तर शट डाऊन केल्यावर आपली उघडी कामे बंद होतात. पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती हायबरनेशनच्याच फाइलमध्ये जपून ठेवली जाते. म्हणजे शट डाऊन ही अर्धी शीतनिद्राच होय. याउलट 'रीस्टार्ट' केल्यावर सर्व काही नव्याने सुरू होते. त्यामुळे रोज शट डाऊन करूनही न जाणारा दोष एका रीस्टार्टने जातो, याचे पुष्कळांना नवल वाटते.

याची खात्री घरबसल्या करता येते. टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' पाहावा. रोज रात्री बंद केलेले यंत्र तेथे कित्येक दिवस चालू असल्याचे दाखवत असेल तर फास्ट स्टार्टअप चालू आहे असे समजावे. यंत्र खरोखर पूर्ण बंद करायचे असेल तर शिफ्ट कळ दाबून ठेवून शट डाऊन करावे.

तेरीज न जुळण्यासारखा मामला

वहीखात्यात तेरीज जुळली नाही तर कोणी शहाणा मुनीम नवी वही घेऊन वर्षाचा हिशेब पुन्हा लिहायला बसत नाही. तो आधी फरक पाहतो. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर कोठेतरी दोन आकडे उलटसुलट पडले असावेत असे धरतो. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली तर ती जमेऐवजी नावे गेली असावी असे पाहतो. फरकच चुकीची जागा सांगतो. कधीकधी एका फरकात दोन वेगळ्या चुका मिसळलेल्या असतात आणि तेव्हा मुनीमही चकतो. संगणकाच्या अधूनमधून येणाऱ्या दोषाचा तपास याच रीतीने करावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आमच्या यंत्राच्या दोन तक्रारी होत्या. काही सकाळी पडदा नीट येई, कालचे काम दिसे, पण बिलाचा प्रिंटर मुका राही आणि बारकोड स्कॅनरने आवाज केला तरी पडद्यावर आकडा उमटत नसे. काही सकाळी विंडोजचे चिन्ह दिसता दिसता यंत्र आपोआप विझे, पुन्हा सुरू होई आणि रात्री उघडे ठेवलेले काम नाहीसे होई. दुपारी आलेल्या कारागिरासमोर मात्र सारे सुरळीत. एकाने हार्ड डिस्क सांगितली, दुसऱ्याने मदरबोर्ड. आम्ही दोघांनाही थांबायला सांगितले आणि एक जुनी वही संगणकाशेजारी टांगली.

वहीत सहा रकाने पाडले. तारीख, रात्री कसे बंद केले, म्हणजे हायबरनेट, साधे शट डाऊन की शिफ्ट दाबून पूर्ण शट डाऊन, मेन स्विच पाडला की नाही, सकाळी किती वाजता सुरू केले, थंडी कितपत होती, आणि नेमके काय घडले. शेवटच्या रकान्यात 'बिघडले' असे लिहायचे नाही, जे डोळ्यांना दिसले तेच लिहायचे, असा नियम ठेवला. नीट सुरू झालेल्या सकाळचीही नोंद ठेवली, कारण दोष कधी येत नाही हेही तितकेच कामाचे असते. रात्री बंद करण्याच्या तिन्ही पद्धती आळीपाळीने वापरल्या.

वहीने काय सांगितले?

तीन आठवड्यांनी दोन्ही तक्रारी वेगळ्या निघाल्या. प्रिंटर मुका होण्याची तक्रार हायबरनेट किंवा साध्या शट डाऊननंतरच येत होती. पूर्ण शट डाऊन केलेल्या रात्रीनंतर ती एकदाही आली नाही. मेन स्विचशी किंवा थंडीशी तिचा संबंध नव्हता. आपोआप विझण्याची तक्रार मात्र मेन स्विच रात्रभर बंद असलेल्या थंड सकाळीच येत होती. पूर्ण शट डाऊननंतरही ती आली, म्हणजे तिचा हायबरनेशनशी संबंधच नव्हता. हायबरनेशनमुळे ती फक्त जास्त जाणवत होती, कारण उघडे काम जात होते. दोन मर्ज एकाच रोग्याला होते आणि प्रत्येक जण एकाच औषधाने दोन्ही बरे करू पाहत होता.

पहिल्या तक्रारीसाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन 'यूएसबी रूट हब'च्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधील वीज वाचवण्यासाठी हा भाग बंद करू देण्याची खूण काढली. एक आठवडा पाहिले, फरक पडला नाही. मग प्रिंटर आणि स्कॅनर ज्या एका स्वस्त यूएसबी हबवर जोडले होते तो हब काढून दोघांना थेट यंत्राच्या मागच्या बाजूला जोडले. तक्रार थांबली. खात्रीसाठी हब पुन्हा लावला, तक्रार परत आली. एका लहानशा हबने उठायला केलेला उशीर सारा घोळ घालत होता.

दुसऱ्या तक्रारीत संशय एसएमपीएसवर, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्यावर गेला. ओळखीच्या दुकानातून चांगला एसएमपीएस आठवडाभर उसना आणला, बाकी काहीही बदलले नाही आणि मेन स्विच रोज पाडला. यंत्र एकदाही विझले नाही. जुना परत लावला तर दुसऱ्याच सकाळी विझले. तेव्हा नवा विकत घेतला. हार्ड डिस्क आणि मदरबोर्ड आजही जुनेच आहेत.

वर्ध्याचा उन्हाळा आणि हिवाळ्याची सकाळ

थंडीतच असे का व्हावे? एसएमपीएसमध्ये कपॅसिटर नावाच्या नळकांड्या असतात. त्यांच्या आत द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. जाणकारांचा ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य सुमारे निम्मे होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, टिनाच्या छपराखालील दुकानात यंत्राच्या पोटातील उष्णता त्याहून कितीतरी जास्त असते. त्यात कापडाचे तंतू आणि जिनिंगच्या गावांत सरकीचा फुपाटा पंख्यात अडकून हवा कोंडते. असे काही उन्हाळे सोसलेला कपॅसिटर उन्हाळ्यात कसाबसा चालतो, पण थंड असताना त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि पहिल्या झटक्याला तो पुरा पडत नाही. एकदा गरम झाला की पुन्हा चालतो. म्हणून दुसऱ्यांदा सुरू केल्यावर यंत्र नीट चालते आणि दुपारी आलेल्या कारागिराला काहीच सापडत नाही. मेन स्विच चालू ठेवला तर एसएमपीएसमध्ये थोडी वीज खेळत राहते आणि तो अगदी गार पडत नाही. मात्र दुकानात कापड भरलेले असताना रात्री मेन स्विच पाडणे हीच सुरक्षित रीत आहे. यंत्राच्या सोयीसाठी ती मोडू नये.

कपॅसिटरचा दोष केवळ स्वस्त यंत्रांत असतो असेही नाही. डेलसारख्या मोठ्या कंपनीला ऑप्टिप्लेक्स संगणकांतील सदोष कपॅसिटरपायी २००५ मध्ये ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले होते. जुने ऑफिसचे डेस्कटॉप विकत घेणाऱ्यांनी मदरबोर्डवरील कपॅसिटरच्या टोप्या फुगल्या आहेत का, हे घेण्यापूर्वीच पाहावे. एसएमपीएस मात्र स्वतः कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यात ३०० व्होल्टहून अधिक दाब साठून राहू शकतो.

व्यापारी बंधूंनी तपास कसा करावा?

१) सकाळी घड्याळ व तारीख पाहावी. ती मागे गेली असेल तर मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा बटन सेल संपला आहे. रोज मेन स्विच पाडणाऱ्यांचा सेल लवकर संपतो. मग मदरबोर्डची जपलेली मांडणी पुसली जाते आणि हायबरनेशनमधून उठणे बिघडू शकते. शिवाय चुकीच्या तारखेमुळे सरकारी पोर्टलही उघडत नाही. हा सर्वात स्वस्त इलाज असल्याने तो प्रथम करावा.

२) एक आठवडा शिफ्ट दाबून पूर्ण शट डाऊन करावे. दोष गेला तर तो उठण्याच्या क्रियेत आहे. ड्रायव्हर, यूएसबी आणि जोडलेल्या वस्तू तपासाव्यात. दोष राहिला तर वीजपुरवठा, रॅम, डिस्क आणि केबल यांकडे वळावे.

३) इव्हेंट व्ह्यूअरमधील 'सिस्टिम' नोंदी पाहाव्यात. 'कर्नल-बूट' क्रमांक २७ च्या नोंदीत सुरुवातीचा प्रकार असतो. शेवटी ० असेल तर यंत्र पूर्ण नव्याने सुरू झाले, १ म्हणजे फास्ट स्टार्टअप आणि २ म्हणजे हायबरनेशनमधून उठले. आपली वही या नोंदीशी ताडून पाहावी. 'कर्नल-पॉवर' क्रमांक ४१ एवढेच सांगतो की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. कोणता भाग दोषी हे तो सांगत नाही. तेवढ्यावरून कोणी भाग बदलायला सांगत असेल तर आणखी पुरावा मागावा.

४) हायबरनेट केल्यावर पडदा लगेच काळा होतो, पण डिस्कचा दिवा लुकलुकत असतो. मजकूर उतरवण्याचे काम तेव्हा चालूच असते आणि जुन्या हार्ड डिस्कवर त्याला बराच वेळ लागतो. दुकान बंद करण्याच्या घाईत नोकराने त्याच वेळी मेन स्विच पाडला तर सकाळी दोष दिसणारच. पंखा थांबेपर्यंत स्विचला हात लावू नये, हे नोकराला नीट समजावून द्यावे.

५) एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि निदान आठवडाभर पाहावे. दोष गेल्यावर जुनी वस्तू पुन्हा लावून तो परत येतो का, हेही पाहावे. परत आला तरच निदान पक्के. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर पैसे दोन्हींचे जातात आणि खरे कारण कळत नाही.

६) रॅमसाठी विंडोजमधील 'मेमरी डायग्नोस्टिक' चालवावे, रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा कारागिराकडून साफ करून घ्याव्यात. डिस्कचे 'स्मार्ट' अहवाल पाहावेत. त्यात खराब जागांचा आकडा वाढत असेल तर मात्र वहीची वाट पाहू नये, आधी सर्व हिशेब दुसऱ्या ठिकाणी उतरवावा आणि डिस्क बदलावी.

७) हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडे ठेवून हायबरनेट करू नये. विशेषतः माहिती दुसऱ्या संगणकावर असेल तर उठल्यावर तो दुवा तुटलेला असू शकतो. पेन ड्राइव्हही आधी रीतसर काढून घ्यावा. शीतनिद्रेतील यंत्राला तो बदलल्याची खबर नसते आणि त्यावरील माहिती बिघडण्याची जोखीम राहते.

एवढे करूनही हायबरनेशनच्या त्रासाला कंटाळलेल्यांनी ते बंद करावे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी' लिहून पुढे स्लॅश एच आणि ऑफ अशी आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतात व डिस्कवरील कित्येक जीबी जागाही मोकळी होते. सकाळी सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, इतकेच. पण ही आज्ञा तपास झाल्यावर द्यावी. तपासाआधी दिली तर दुबळा एसएमपीएस तसाच राहील आणि ऐन लग्नसराईत भर दुकानात यंत्र विझेल.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे पुष्कळ जण नव्या यंत्राच्या विचारात आहेत. तो निर्णय ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे घ्यावा. मात्र निदान न झालेल्या दोषाला घाबरून तो घेऊ नये, कारण जुना हब, जुनी वायर आणि मेन स्विच पाडण्याची घाई नव्या यंत्रालाही लागू पडेल. कारागिरांशी आमचे भांडण नाही. ज्याला दोष दिसतच नाही त्याने तरी काय करावे? त्याला वही दाखवली तर बहुतेक प्रामाणिक कारागीर तासाभरात कारण सांगतात आणि अंदाजाने भाग विकणारा वही पाहूनच सावध होतो. वहीला दहा-वीस रुपये लागतात आणि रोज सकाळची एक ओळ लिहायला एक मिनिट. ज्यांच्या यंत्राला हा त्रास आहे त्यांनी ती उद्यापासूनच सुरू करावी.